सैनिकांची पत्रे वाचताना

प्रिय अभ्यासक मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेने जर्मनांशी दिलेल्या न्यूव्ह शापेलच्या लढाईचा (१० ते १३ मार्च १९१५) इतिहास त्या फौजेतील हिंदी (म्हणजे भारतीय) शिपायांच्या पत्रांच्या आधारे लिहिण्याचा तुझा संकल्प कळला. विषय उत्तम आहे. मात्र पत्र हाती आले म्हणजे लढाई हाती आली, असा जो सूर तुझ्या टिपणात उमटला आहे, त्याविषयी वेळीच लिहिलेले बरे.

तुझ्यासमोर आहेत ती बहुतांशी पत्रे नव्हेत, पत्रांचे उतारे आहेत. फ्रान्समधील हिंदी फौजेचे टपाल तपासण्यासाठी कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखाली जी कचेरी होती, तिने उर्दू, पंजाबी (गुरुमुखी लिपीतील), हिंदी अशा भाषांतील हजारो पत्रांतून काही निवडली, त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते आपल्या अहवालांना जोडले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत आहेत. मूळ पत्रे मात्र बहुतेक नाहीशी झाली. त्यातच अनेक शिपायांना लिहिता येत नसल्याने सांगणारा एक, लिहिणारा दुसरा आणि निवडून भाषांतर करणारा तिसराच, असा प्रकार होता. ही निवड फौजेचे मनोधैर्य जोखण्यासाठी झाली होती, लढाईचा वृत्तान्त जपण्यासाठी नव्हे. शिपाई कविता लिहू लागले आहेत, हे मानसिक अस्वस्थतेचे लक्षण असावे, अशी नोंद हॉवेल यांनी जानेवारी १९१५ मध्येच केली होती. त्यांची नजर कशावर होती, हे त्यावरून तुझ्या ध्यानात येईल.

आपले पत्र कोणी तरी वाचते, हे शिपायांनाही ठाऊक होते. म्हणून हिंदी फौजेला ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या फौजेला ‘लाल मिरची’ म्हणून काळी मिरी संपल्याची बातमी घरी कळवली जाई. असे उतारे पाहून हुरळून जाऊ नकोस. जी खूण आपल्याला आज उलगडते, ती तपासनिसालाही उलगडली होती, म्हणूनच ती अहवालात आली. त्याला जी कळलीच नाही, तिचा माग आपल्यालाही लागणे कठीण.

आता खुद्द लढाईकडे वळू. हल्ल्यापूर्वी ३५ मिनिटे तोफांचा भडिमार झाला आणि पहिल्याच दिवशी गाव हाती आले. पण ३९ व्या गढवाल रायफल्सची पहिली बटालियन दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि जिथे भडिमार झालाच नव्हता अशा जर्मन खंदकावर जाऊन आदळली. त्या बटालियनमधील एखाद्याने ‘आमच्या तोफांनी काहीच केले नाही’ असे लिहिले असते, तर ते त्याच्यापुरते अक्षरशः खरे ठरले असते आणि संपूर्ण लढाईविषयी साफ चुकीचे. हिंदी कोअरचे, म्हणजे फ्रान्समधील हिंदी सैन्यदलाचे, सुमारे ४,२०० सैनिक या लढाईत मृत, जखमी वा बेपत्ता झाले. एवढ्यांपैकी प्रत्येकाला समोरचा तुकडाच दिसत होता. म्हणून प्रत्येक उताऱ्यापुढे पलटण, तारीख आणि लिहिण्याचे ठिकाण नोंदव, आणि मग लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधील त्या पलटणीची युद्धदैनंदिनी शेजारी ठेवून वाच. दैनंदिनीही अधिकाऱ्यानेच लिहिलेली असते, तेव्हा तिलाही झुकते माप देऊ नये.

लिहिण्याचे ठिकाण मी मुद्दाम म्हटले. जखमी हिंदी शिपायांना ठेवलेल्या इंग्लंडमधील ब्रायटनच्या इस्पितळातून आलेली पाच पत्रे एकच प्रसंग सांगत असतील, तर त्यांना पाच साक्षीदार मानण्याची घाई करू नकोस. शेजारच्या खाटेवरच्याने ऐकलेलेही ‘मी पाहिले’ म्हणून लिहिले जाते. पत्रांत येणारी महाभारताशी तुलना किंवा जगाचा अंत आल्याची भाषा यांबाबतही असेच तारतम्य ठेव.

आठवणीने लिहिलेली पत्रे तर आणखी निराळी. नेपोलियनचा पराभव झालेल्या वॉटर्लूच्या (१८१५) रणभूमीची प्रतिकृती करताना विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने लढाईनंतर जवळजवळ दोन दशकांनी हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून, संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही कुठे होता, असे विचारले. उत्तरे शेकड्यांनी आली, पण फ्रेंच इंपीरियल गार्डला, म्हणजे नेपोलियनच्या खास निवडक दलाला, कोणत्या पलटणीने परतवले, हा वाद काही मिटला नाही, कारण तोवर प्रत्येकाची आठवण पलटणीच्या अभिमानात मुरली होती. त्या मानाने मार्च १९१५ मधले चार ओळींचे पत्र अधिक मोलाचे. चिखल, थंडी, शेजारचा कसा पडला, आपला साहेब मेल्यावर हुकूम कोण देऊ लागला, हे युद्धदैनंदिनीत क्वचितच मिळेल. तुझ्या प्रबंधाचे बळ मला तिथेच दिसते.

पहिले प्रकरण पाठवशील तेव्हा १० मार्चनंतरच्या पंधरवड्यातील उतारे वेगळे काढून पाठव, आणि त्यांतील कोणते खंदकातून व कोणते इस्पितळातून लिहिले आहेत, हे समासात लिहून ठेव.

तुझा शुभचिंतक