औषध भांडार : वाचकांचे प्रश्न

मोहोळ तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले एक औषध निर्माण अधिकारी विचारतात : गेल्या वर्षीच्या खपावरून मागणीपत्र भरतो. तरी पॅरासिटामॉल मध्येच संपतं आणि भलतीच औषधं मुदत उलटेपर्यंत पडून राहतात. चुकतं कुठे?

तुम्ही ज्याला खप म्हणता, तो नुसता वाटपाचा आकडा आहे. औषध नव्हतं म्हणून रुग्ण रिकाम्या हाताने परत गेला, याची नोंद कुठेच होत नाही. समजा, तीन महिन्यांत १८०० गोळ्या दिल्या, पण त्या ९० दिवसांतले ३० दिवस गोळीच नव्हती. तुम्ही महिन्याला ६०० धरता. प्रत्यक्षात ६० दिवसांत १८०० गेल्या, म्हणजे महिन्याला ९००. सहाशेच मागवल्या की पुन्हा तुटवडा, पुन्हा कमी वाटप, आणि पुढचं मागणीपत्र आणखी आखूड.

म्हणून औषध कधी संपलं, कधी आलं, या दोन तारखा साठा नोंदवहीत लाल शाईने लिहा. खरा मासिक खप गुणिले पुढचा पुरवठा येईपर्यंतचे महिने, वर थोडा राखीव साठा, त्यातून हातातला साठा वजा, एवढी मागणी करा. केंद्राच्या हाताखालच्या गावातल्या उपकेंद्राला दिलं म्हणजे वापरलं, असंही धरू नका. तिथलं कपाट उघडून बघा.

पडून राहणाऱ्या औषधांसाठी, आधी आलेलं नव्हे तर आधी मुदत संपणारं पुढे मांडा. तीन-चार महिने उरले की तालुक्यामार्फत शेजारच्या केंद्राला द्या. हे सगळे जाणतात, करत मात्र कोणी नाही.

नातेपुते भागातून : आषाढी वारीत ओआरएस आणि बँडेज संपतात. गेल्या जुलैच्या दुप्पट मागवू का?

जुलै बघूच नका, तिथी बघा. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. पालखी तुमच्याकडे येते ते दिवस वेगळे काढा आणि तेवढ्यांचाच खप स्वतंत्र वहीत ठेवा. तो नेहमीच्या सरासरीत मिसळलात तर दिवाळीपर्यंत ओआरएसची खोकी सांभाळत बसाल. पायांच्या फोडांमुळे गॉज, कापूस, चिकटपट्टी आणि पोव्हिडोन आयोडीनही जास्त लागतं. तेच विसरलं जातं.

करमाळ्याहून एक परिचारिका : उपकेंद्राला पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्यात औषधं फ्रीजमध्ये ठेवू का?

सरसकट नको. गोळ्यांना तिथली ओल बाधते, आणि आयएलआर, म्हणजे लसींचा खास फ्रीज, फक्त लसींसाठीच. प्रसूतीच्या वेळी द्यायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मात्र २ ते ८ अंशांतच हवं, प्रसूतिगृहाच्या वेगळ्या फ्रीजमध्ये. बाकीचं आतल्या खोलीत, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा आणि तिथे तापमापी टांगा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. बहुतेक वेष्टनांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. उत्तम उपाय म्हणजे एप्रिल-मेमध्ये उपकेंद्राने तीन महिन्यांचा साठा उचलूच नये, पंधरा दिवसांचा न्यावा.

अक्कलकोटहून : हातमोजे दर महिन्याला कमी पडतात. चोरी होत असेल का?

आधी वापर तपासा. निर्जंतुक हातमोजे प्रसूतीसाठी. ते साफसफाईला जाताना मी पाहिले आहेत. दंडावर साधं इंजेक्शन देताना, त्वचा धड असेल तर मोजे लागत नाहीत, हात धुणं लागतं. बाह्यरुग्ण विभाग, प्रसूतिगृह, प्रयोगशाळा असं वेगवेगळं वाटप नोंदवा. गळती कुठे आहे ते महिन्याभरात दिसेल.

बार्शीहून : मुदत संपलेल्या गोळ्या जाळून टाकल्या तर चालेल?

नाही. नोंद करून पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत.