पाहुण्या संघाच्या माथी तिकिटं

प्रश्न : वैनी, माझा मुलगा अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात एम.एस. करतोय. त्यांच्या फुटबॉल संघाला यंदा ‘बाऊल’ सामन्याचं निमंत्रण आलं. बातमीत लाखो डॉलर मिळणार असं लिहिलंय. आणि इकडं मुलाच्या फीच्या पावतीत ‘ॲथलेटिक्स फी’ म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. एवढा पैसा येत असेल तर पोरांकडून ही फी कशाला? पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
— एक पालक, राजारामपुरी

उत्तर : झेरॉक्स दोनदा वाचली. सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशवर काढली आणि निवृत्तीनंतर पेठेतल्या तालमीची (इकडं कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात) किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, माझ्याकडं आली. त्यामुळं कुणी जमेचा मोठा आकडा दाखवला की माझी नजर आधी नावे बाजूला, म्हणजे खर्चाकडं जाते. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. हा आपल्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि चेंडू बहुतेक वेळ हातातच. विद्यापीठांचे संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतात. त्यातले सहा जिंकले की डिसेंबर-जानेवारीत होणाऱ्या बाऊल सामन्यांना ते पात्र ठरतात. असे सामने चाळीसच्या आसपास आहेत. बाऊल म्हणजे वाडगा. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं रोझ बाऊल स्टेडियम १९२२ साली उभं राहिलं, ते वाडग्यासारखं, आणि तेच नाव सामन्यालाही चिकटलं. आपलं खासबाग मैदान डोळ्यांसमोर आणा : मधे हौदा, भोवती चढत गेलेली बैठक.

सामना मात्र स्टेडियमच्याही आधीचा. पॅसाडेनात नववर्षाला फुलांच्या रथांची मिरवणूक निघते. तिच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून १ जानेवारी १९०२ रोजी मिशिगन आणि स्टॅनफर्ड या संघांना तिथं खेळवलं. मिशिगननं ४९-० असा एकतर्फी विजय मिळवला, आणि त्यानंतर १९१६ पर्यंत संयोजकांनी फुटबॉल ठेवलाच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सामना सुरू झाला तोच यजमान गावाच्या उत्सवासाठी. आजही बाऊलमागं गावची संयोजक मंडळी, हॉटेलवाले, प्रायोजक आणि टीव्ही असतात. डझनाहून जास्त बाऊल तर ईएसपीएन या वाहिनीच्याच मालकीचे आहेत. नाताळच्या सुट्टीत लोक घरी टीव्हीसमोर बसलेले असतात, त्यामुळं मैदान अर्धं रिकामं राहिलं तरी वाहिनीचं भागतं.

आता बातमीतले लाखो डॉलर. ते सहसा विद्यापीठाच्या खात्यावर थेट जमा होत नाहीत. विद्यापीठं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटात असतात. बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये आज अठरा आहेत. बाऊलची रक्कम कॉन्फरन्सकडं जाते, तिथं इतर मिळकतीत मिसळते आणि सभासदांत वाटली जाते. खेळायला गेलेल्या संघाला प्रवासखर्चापोटी काही रक्कम वेगळी मिळते. पण तेवढ्यात भागवण्याची जबाबदारी त्याची.

खर्च काय असतो ते आपल्याकडच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. शंभरावर खेळाडू, प्रशिक्षक, त्यांची कुटुंबं, विद्यापीठाचे पदाधिकारी आणि वर अख्खं बँडपथक. विमानं भाड्यानं घ्यायची, आठवडाभर हॉटेलात राहायचं. शिवाय सामन्याला पोहोचल्याबद्दल प्रशिक्षकांना करारात ठरलेला बोनस. आणि सगळ्यात जड कलम तिकिटांचं. अनेक बाऊलच्या करारात पाहुण्या संघानं ठरावीक तिकिटं पुऱ्या किमतीला उचलायची असतात. खपली नाहीत तर त्याचं नुकसान.

कनेटिकट विद्यापीठाचा हिशोब मी माझ्या वहीत उतरवून ठेवला आहे. १ जानेवारी २०११ ला त्यांचा संघ ॲरिझोनात फिएस्टा बाऊल खेळला. विद्यापीठाच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं निमंत्रण होतं. करारानं त्यांच्या माथी १७,५०० तिकिटं मारली. देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, ऐन सुट्टीत, महागडं विमान करून कोण जाणार? ज्यांना जायचं होतं त्यांना तीच तिकिटं पुनर्विक्रीच्या बाजारात कितीतरी स्वस्त मिळत होती. विद्यापीठाकडून तीन हजारही खपली नाहीत. कॉन्फरन्सनं दिलेले पैसे धरूनही १६ लाख डॉलरच्या वर खड्डा पडला. संघ ओक्लाहोमाकडून ४८-२० असा हरला, आणि त्यांचे प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी धरून तिथूनच गेले, पोरांबरोबर परतले नाहीत. ते वाचून त्या पोरांसाठी माझ्या पोटात तुटलं.

वरच्या टोकाला चित्र निराळं आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये २०२४ च्या हंगामापासून बारा संघ येतात. त्या हंगामात तिथं पोहोचलं की कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर, उपउपांत्य फेरीचे आणखी ४० लाख, उपांत्यचे ६० आणि अंतिम सामन्याचे ६०. वर प्रत्येक फेरीला संघाच्या खर्चासाठी ३० लाख. हा पैसा टीव्हीच्या कराराचा आहे. खालच्या तीस-पस्तीस बाऊलमध्ये खेळणाऱ्यांच्या वाट्याला हे येत नाही.

म्हणून तुमच्या मुलाच्या पावतीवर ती फी आहे. बहुसंख्य विद्यापीठांचा क्रीडा विभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाही. तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीतून भरली जाते. विद्यापीठ सरकारी आहे, तेव्हा आपल्या माहिती अधिकारासारखा तिथल्या राज्याचाही कायदा असतो. मुलाला सांगा, बाऊलचा जमाखर्च लेखी मागायचा आणि त्यात ‘न खपलेली तिकिटं’ हे कलम शोधायचं. काही ठिकाणी ते ‘विद्यार्थ्यांना व सैनिकांना भेट’ अशा नावाखाली दाखवलेलं असतं. वाटलेलं तिकीटही कुणीतरी विकत घेतलेलंच असतं.

प्रश्न : आमच्या तालमीच्या संघाला शेजारच्या जिल्ह्यातल्या स्पर्धेचं निमंत्रण आलंय. पहिलं बक्षीस मोठं आहे. पोरं उड्या मारायल्यात. संयोजकांनी तीनशे देणगी प्रवेशिका पाठवल्यात, ‘तेवढ्या खपवा’ म्हणून. जावं का?
— मंडळाचा कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : दादा, वरचं कनेटिकटचं वाचलंत ना? मला ते एवढं का लागलं ते सांगते.

नऊ-दहा वर्षांपूर्वी आमच्या संघालाही असंच बोलावणं आलं. ज्या गावाला गेलो, त्याचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी चार कार्यकर्ते घरी आले. “वैनी, पन्नास हजाराचं बक्षीस हाय. निस्तं जायाचं आन् घिऊन यायाचं.” सोबत पन्नास रुपयांच्या पाचशे प्रवेशिका होत्या, आणि त्यांचे पंचवीस हजार आगाऊ भरायचे होते. मी सही केली. पोरांचे चेहरे बघून केली.

किर्दीतलं ते पान मला पाठ आहे. गाडीभाडं १८,५००. बावीस जणांचं तीन दिवसांचं जेवण १४,३००. टेप, स्प्रे, मोजे २,६००. प्रवेशिका २५,०००. एकूण ६०,४००. जमेला : उपांत्य फेरीत हरलो त्याचे १०,००० आणि खपलेल्या ८३ प्रवेशिकांचे ४,१५०. खड्डा ४६,२५० चा. इथून कामाधंद्याच्या दिवशी माणसं जाणार कशी? आणि तिथल्या गावकऱ्यांना गेटवर मोफत पास मिळत होते, मग आमची प्रवेशिका कोण घेणार? उरलेल्या ४१७ प्रवेशिका अजून तालमीतल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. गुलाबी कागद. रबरबँड उन्हाळ्यात वितळून वरच्या प्रवेशिकेला चिकटलाय, ओढला की कागद फाटतो. तो खड्डा आम्ही गणपतीच्या वर्गणीतून भरला आणि त्या वर्षी मंडप निम्मा झाला. आजही मला त्याचं वाईट वाटतं, कारण घरोघरी फिरून वर्गणी गोळा केलेल्या बायकांना मी विचारलं नव्हतं.

तर जायला हरकत नाही. बाहेर खेळल्याशिवाय पोरं मोठी होत नाहीत. आपल्या अनिकेत जाधवनं २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये देशाकडून खेळून दाखवलं, ते काय पेठेतच बसून झालं नाही. पण प्रवेशिका आगाऊ पैसे भरून घेऊ नका. न खपलेल्या परत घेतल्या जातील हे संयोजकांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागा. गाडीभाड्याचं त्यांच्याकडून किती, हेही त्यातच. नाही म्हणाले तर पहिलं बक्षीस मिळणारच नाही असं धरून बेरीज करा, आणि तेवढे पैसे तालमीकडं शिल्लक असले तरच गाडी ठरवा. पाठवलेल्या तीनशे प्रवेशिका आजच मोजून, नंबर लिहून, पोच घेऊन ठेवा.

प्रश्न : अमेरिकेत बाऊल खेळणाऱ्या पोरांना स्वतःला काय मिळतं?
— बी.कॉम. दुसरं वर्ष, शाहूपुरी (मी स्वतः गोलकीपर आहे)

उत्तर : कित्येक वर्षं शिष्यवृत्ती आणि भेटवस्तू, एवढंच. बाऊलनं एका खेळाडूला जास्तीत जास्त ५५० डॉलरच्या वस्तू द्यायच्या असा नियम : घड्याळ, हेडफोन, बॅग. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घेता येऊ लागल्या. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसेही देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचे मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. उशिरा का होईना, झालं हे चांगलं झालं.

तू गोलकीपर आहेस म्हणून एक सांगते. नोटर डेम विद्यापीठाचा जेलन स्मिथ १ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बाऊल खेळताना गुडघ्यातून जायबंदी झाला. व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचं नाव अगदी वर धरलं जात होतं, ते थेट चौतिसाव्या क्रमांकावर आलं, आणि पुढचा अख्खा हंगाम त्याला खेळता आलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅककॅफ्री या दोन नामवंत खेळाडूंनी आपापल्या संघाचा बाऊल खेळायला नकार दिला. लोकांनी त्यांना स्वार्थी म्हटलं. मला ते पटलं नाही. ज्या सामन्यात गावाला, वाहिनीला, प्रशिक्षकाला पैसे मिळतात, तिथं गुडघा तेवढा पोराचा असतो.

आमच्या तालमीतल्या एका डिफेंडरचा लिगामेंट तुटला तेव्हा आम्ही रविवारी मदतीचा डबा घेऊन पेठेत फिरलो होतो. त्याच्या एमआरआयची पावती मी किर्दीत चिकटवून ठेवली आहे. त्यानंतर हंगाम सुरू होण्याआधी संघातल्या प्रत्येक पोराचा अपघात विमा उतरवतो, आणि त्याचा हप्ता किर्दीत गाडीभाड्याच्या वर लिहितो. तुझ्या मंडळात उतरवतात का ते विचार. पॉलिसीत ‘खेळताना झालेली इजा’ धरली आहे का, तेही वाच. नसेल तर कागद घेऊन माझ्याकडं ये, रविवारी सकाळी मी घरीच असते.