३१ मार्चची घाई आणि एका टक्क्याचा हिशेब

आपले मार्च २०२२ मधले पत्र मिळाले. आपण आणि आपले पती दोघेही शिक्षक आहात, कोथरूडला भाड्याने राहता आणि पुणे महापालिकेच्या हद्दीत, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत ७२ लाखांचा फ्लॅट पसंत करून एक लाख रुपये बुकिंगपोटी भरले आहेत. विक्री प्रतिनिधी रोज फोन करून सांगत आहे की १ एप्रिलपासून मुद्रांक शुल्क (घराच्या दस्तावर सरकार घेते तो कर) एक टक्क्याने वाढणार, म्हणून ३१ मार्चपूर्वी करार करा, नाहीतर ७२ हजार वाया जातील. त्यासाठी ऑगस्टमध्ये मुदत पूर्ण होणारी नऊ लाखांची ठेव मोडायची, नऊ महिन्यांपूर्वी घेतलेले इक्विटी म्युच्युअल फंड विकायचे आणि कमी पडणाऱ्या चार लाखांसाठी तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज काढायचे, असा आपला बेत आहे. या बेताला माझा स्पष्ट विरोध आहे, मात्र फ्लॅट घेण्याला नाही.

आधी ही वाढ नेमकी कशाची आहे ते पाहू. मार्च २०२० च्या राज्य अर्थसंकल्पात मुंबई महानगर, पुणे महानगर आणि नागपूर या क्षेत्रांसाठी मुद्रांक शुल्काच्या भारात एक टक्क्याची सवलत जाहीर झाली, ती दोनच वर्षांसाठी. मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठीचा एक टक्का अधिभार त्यामुळे आपल्याकडे लागू राहिला नाही. ही मुदत आता ३१ मार्च २०२२ ला संपते. पुण्यात आज, मार्च २०२२ मध्ये, पाच टक्के मुद्रांक शुल्क आणि महापालिकेचा एक टक्का मिळून सहा टक्के, म्हणजे आपल्या फ्लॅटवर ४ लाख ३२ हजार रुपये पडतात. १ एप्रिलपासून सात टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार पडतील. प्रतिनिधी सांगतो तो ७२ हजारांचा आकडा खरा आहे. त्यापुढचे त्याचे म्हणणे मात्र अर्धेच आहे.

आपण काढणार असलेल्या चार लाखांच्या कर्जाचा व्याजदर तेरा टक्के धरला, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,५०० रुपये येतो आणि तीन वर्षांत केवळ व्याजापोटी सुमारे ८५ हजार रुपये जातात. प्रक्रिया शुल्क वेगळे. ७२ हजार वाचवण्यासाठी ८५ हजार मोजायचे, त्यात ठेव मोडल्याचा दंड, आणि फंडांवर नफा असेल तर वर्षाच्या आत विकल्यामुळे त्यावर २०२२ च्या दराने पंधरा टक्के कर आणि उपकर. सवलतीचा लाभ अशा रीतीने आपल्या हातात येण्याआधीच बँकेकडे आणि आयकर खात्याकडे जातो. मुदतीच्या सवलतीचा पूर्ण फायदा ज्याचा निर्णय आधीच झालेला असतो आणि ज्याचे पैसे बाजूला तयार असतात त्याला होतो. जो उसनवारी करून मुदत गाठतो, त्याच्या वाट्याला घाईचा खर्च येतो.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्के, आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के कपात दिली होती. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका कुटुंबाने त्या वेळी ६५ लाखांचा फ्लॅट घेतला. ३० डिसेंबरला ते दोघे सकाळी दहापासून नोंदणीच्या रांगेत होते, दुपारी सर्व्हर बंद पडला, आणि संध्याकाळी अंगठे उमटवून बाहेर आले तेव्हा १ लाख ९५ हजार वाचल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. करारनामा वकिलाला दाखवायला मात्र वेळ मिळाला नव्हता. तोंडी कबूल केलेले झाकलेले पार्किंग करारनाम्याच्या परिशिष्टात कुठेच नव्हते, आणि ते मिळवायला त्यांना पुढे अडीच लाख द्यावे लागले. शिवाय गणपतीच्या सुमारास त्याच इमारतीसाठी बिल्डर दोन लाखांची सूट देऊ करत होता, ती डिसेंबरच्या दरपत्रकात नव्हती. गिऱ्हाईक स्वतःहून धावत येत असताना कोणताही विक्रेता सूट देत नाही, आणि म्हणून सरकारने सोडलेल्या कराचा काही भाग किमतीच्या रूपाने बिल्डरकडेच राहतो.

बिल्डरांना मिळालेली एक सवलत तर थेट होती. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बांधकामावरील अधिमूल्य (बांधकाम परवानगीसाठी बिल्डरने भरायची रक्कम) वर्षअखेरपर्यंत निम्मे केले आणि त्याचा लाभ घेणाऱ्या प्रकल्पांनी ग्राहकांचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे अशी अट घातली. आपल्या बिल्डरने हा लाभ घेतला आहे का, हे लेखी विचारा. घेतला असेल तर शुल्क कोणी भरायचे याचाच प्रश्न उभा राहतो, आणि तो ७२ हजारांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

या सवलतीची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे, कारण एप्रिलनंतर घर घेणाऱ्यावर अन्याय होतो असे आपण लिहिले आहे. दोन वर्षे हा एक टक्का ज्यांनी भरला नाही ते घर घेण्याची ऐपत असलेले लोक होते. आपल्यासारख्या भाडेकरूला त्याचा एक रुपयाही मिळाला नाही, आणि तिजोरीत पडलेली तूट सगळ्यांचीच होती. ६ मार्चला वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली, तिच्यासारख्या कामांसाठीच हा अधिभार आहे. तो पुन्हा लागू होणे मला चुकीचे वाटत नाही. चुकीचे वाटते ते हे, की तारखेच्या एका रेषेमुळे अलीकडचा आणि पलीकडचा ग्राहक असा भेद पडतो आणि त्या रेषेची भीती विक्रीसाठी वापरली जाते.

आता मार्ग सांगतो. मुद्रांक शुल्काचा दर दस्तावर सह्या होतात त्या तारखेचा लागतो आणि नोंदणीला त्यानंतर चार महिने मिळतात. म्हणजे ३१ मार्चच्या आत शुल्क भरून करारनाम्यावर सह्या झाल्या, तर नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जुलैपर्यंत जाता येते. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तेव्हा ३१ मार्चला आपल्याला स्वतःच्या हिश्शाचे, म्हणजे किमतीच्या वीस टक्क्यांचे, १४ लाख ४० हजार नकोत, फक्त शुल्काचे ४ लाख ३२ हजार हवेत. ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घ्या; बँका ते ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जादा व्याजाने देतात, आणि ऑगस्टमध्ये ठेव आली की ते फिटते. पाच महिन्यांचे व्याज पंधरा हजारांच्या आतच राहील. पुढचा हप्ता सहीच्या नव्हे तर नोंदणीच्या तारखेपासून देय राहील असे करारनाम्यातच लिहून घ्या, आणि नोंदणी जुलैच्या उत्तरार्धात ठेवा. नोंदणीखर्चाचे तीस हजारही तेव्हाच लागतील.

केवळ आपल्या नावावर फ्लॅट घेतला तर महिलांसाठीची एक टक्का सवलत मिळेल का, असेही आपण विचारले आहे. ती मिळते, आजही आणि एप्रिलनंतरही. परंतु २०२२ च्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षे तो फ्लॅट पुरुषाला विकता येत नाही, आणि पती मालक नसल्यामुळे त्यांना गृहकर्जाच्या व्याजावरील वजावट मिळत नाही. सात टक्क्यांच्या आसपास ५७ लाख ६० हजारांच्या कर्जावर पहिल्या वर्षाचे व्याज चार लाखांच्या घरात जाते, म्हणजे ताबा मिळाल्यावर सुरुवातीची वर्षे दोघांनाही जुन्या करपद्धतीत दोन-दोन लाखांची वजावट घेता येईल. आयकराच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात पतींचा त्यातून दरवर्षी सुमारे ४१,६०० रुपयांचा कर वाचतो. एकदाच मिळणाऱ्या ७२ हजारांसाठी हे सोडू नये, म्हणून दोघांच्या नावानेच घ्या.

करारनाम्याचा मसुदा आजच मागा आणि वकिलाला द्या. महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्ततेची तारीख आणि त्यावरचा कर्जाचा बोजा पाहा. वकिलांचा होकार २८ मार्चपर्यंत आला तर वर सांगितल्याप्रमाणे सही करा. आला नाही तर सही करू नका, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कार्यालयातली गर्दी ओसरल्यावर, बिल्डरकडे जाऊन वाढलेला एक टक्का किमतीतून कमी करण्याची मागणी करा. तेव्हा त्याला आपली गरज आजच्यापेक्षा अधिक असेल. त्याने पूर्ण नकार दिला तरी ते ७२ हजार ऑगस्टमधल्या ठेवीतून भरता येतील, आणि वैयक्तिक कर्जाचा हप्ता मागे लागणार नाही.