रुंद पाटे घालण्याआधी

भावा, जीपला रुंद पाटे (लीफ स्प्रिंग) घालायचे तर नुसते पाटे आणून भागत नाही. विलीस घडणीच्या जुन्या जीपचा पाटा १.७५ इंच रुंद, २.५ इंची घालायचा म्हटलं की पाटा चासीला धरणारे हँगर आणि शॅकल, तो ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट, ॲक्सलवरची बैठक, सगळंच बदलतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगला टाकशील तेव्हा बैठकीला आधी फक्त टाके मारून घे. गाडी चाकांवर उभी करून पिनियनचा (ॲक्सलमधला शाफ्ट जोडतात तो गिअर) कोन प्रोपेलर शाफ्टशी जुळतोय का बघ, मगच पक्कं वेल्डिंग. मी घाई केली. गगनबावड्याच्या वाटेवर शाफ्ट असा थरथरला की गिअरचा दांडा हातात राहीना. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्टसुद्धा वजन चाकांवर असतानाच आवळ, नाहीतर बुश पिळून फाटतात. स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून टायर पाट्याला घासत नाही ना बघ. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायचेच.