अंगात आलं, झपाटलं की वागवलं?

प्रश्न असा आहे: "'गिनबान कॅलिडोस्कोप' या जपानी ॲनिमेची ओळख लिहिताना मी एक वाक्य लिहिलं, 'ताझुसाच्या अंगात येतं आणि ती बर्फावर स्केटिंग करते.' माझा भाऊ म्हणतो, अंगात देवी येते, भूत झपाटतं, त्यामुळे वाक्य चुकलं. कोणाचं बरोबर? आणि 'गिनबान'ला मराठीत काय म्हणता येईल?"

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. २००५ सालची, १२ भागांची ही मालिका. ताझुसा साकुरानो ही सोळा वर्षांची फटकळ, मानी फिगर स्केटर. तिचा डोळा २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकवर आहे. आणि नेमकं तेव्हाच पीट पम्प्स नावाच्या कॅनडातल्या मुलाचं भूत तिच्यात शिरतं, तेही शंभर दिवसांसाठी. तिला जे दिसतं ते त्यालाही दिसतं, तिला जे जाणवतं ते त्यालाही जाणवतं. त्याचा आवाज मात्र तिच्याशिवाय कोणालाच ऐकू जात नाही. म्हणून चारचौघांत ती हवेशी भांडताना दिसते, आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

आता शब्दांकडे येऊ. भावाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. 'भूत अंगात आलं' असंही आपण म्हणतोच, पण नुसतं 'तिच्या अंगात येतं' म्हटलं, कर्ता सांगितलाच नाही, की ऐकणारा देवीच समजतो. ती जागा भाषेनं देवीसाठी राखून ठेवली आहे. लहानपणी नवरात्रात आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, ते मला लख्ख आठवतं. आरती रंगात आली की आधी त्यांच्या हाताची बोटं ताठ व्हायची, मग अंबाडा सुटायचा आणि त्या घुमायला लागायच्या. एरवी त्यांना 'अगं, चहा ठेव गं' असं सांगणारी माझी आजी तेव्हा पुढे होऊन हळदकुंकू लावायची आणि हात जोडून म्हणायची, "आई, काय चुकलं असेल ते सांग." काकू बोलायच्या, पण तो त्यांचा आवाज नसे. पाणी पिऊन भानावर आल्या की त्या हळूच विचारायच्या, "मी काही बोलले का?"

'अंगात येणे' म्हणजे हे एवढं सगळं. त्यात माणूस ही फक्त जागा उरते. 'अंगात' ही सप्तमी तेच सांगते: घर तिचं, पण बोलणारं आणि हलणारं दुसरंच कोणी. ताझुसाच्या बाबतीत असं काहीच घडत नाही. शरीराचा ताबा तिच्याकडेच असतो, आवाज तिचाच असतो, आणि विसरणं तर दूरच, पीटचा प्रत्येक शब्द तिला ऐकावा लागतो. तिच्या गिरकीला 'घुमणं' म्हणता येत नाही ते याचमुळे.

'झपाटणे'कडे वळलं की व्याकरण उलटतं. 'भुताने तिला झपाटलं': भूत कर्ता, ती कर्म. झपाटा आणि झपाटणे एकाच घरातले शब्द आहेत. वेग, झडप, एका फटक्यात कवेत घेणं हे सगळं त्यात आहे. बर्फावर सुसाट जाणाऱ्या मुलीसाठी तो शब्द कानाला छानच वाटतो, मलाही मोह होतो. पण 'झपाटलेली स्केटर' म्हटलं की आजचा मराठी वाचक वेगळाच अर्थ घेईल, खेळाच्या वेडानं झपाटलेली. 'झपाटून अभ्यास केला' ही आपल्याकडे शाबासकी आहे. 'पछाडणे'ला असं भाग्य लाभलं नाही. काळजीनं पछाडतं, आजारानं पछाडतं. त्यात माणूस खाली पडलेला असतो. ताझुसा बर्फावर आपटते, पण भुतापुढे हार मानणारी ती नव्हे.

मला सगळ्यात आवडतं ते 'लागणे'. दृष्ट लागते, नाद लागतो, वेड लागतं, भूत लागतं. पश्चिम महाराष्ट्रात ऐकू येणारं 'लागीर' याच कुळातलं. आणि जपानीतही हेच आहे! भूत अंगात शिरण्याला तिथे 'त्सुकु' म्हणतात, आणि चिकटणे, लागणे यासाठीच्या क्रियापदाचा उच्चारही 'त्सुकु'च. लिपीत चिन्हं वेगळी, कानाला एकच. दोन इतक्या लांबच्या भाषांना भूत म्हणजे चिकटणारी गोष्टच वाटावी, याचा मला फार आनंद होतो. तरीही 'तिला भूत लागलं' एवढ्यानं भागत नाही. ते त्या क्षणाचं वर्णन झालं. पुढच्या शंभर दिवसांचं काय?

'परकायाप्रवेश' सुचवणारेही भेटतील. तो इथे बसत नाही. त्यात योगी आपण होऊन रिकाम्या देहात जातो, जसे अमरू राजाच्या मृत देहात शिरलेले शंकराचार्य. इथे देहाची मालकीण घरातच आहे. गोष्टीच्या जवळ जाणारं नातं शोधायचं तर विक्रम आणि वेताळाचं. चालतो राजा, बोलतो वेताळ, आणि तोंड उघडलं की राजाचीच पंचाईत. 'मानगुटीवर बसणे' हा आपला वाक्प्रचार म्हणूनच इथे बराच जवळचा आहे. फक्त पीट मानगुटीवर नाही, आत आहे.

म्हणून मी 'वागवणे' निवडेन. ओझं वागवतो, दुखणं अंगावर वागवतो, आणि घरी आलेल्या माणसालाही बरं-वाईट वागवतो. सहन करणं, घेऊन फिरणं आणि नातं निभावणं, तिन्ही एकाच क्रियापदात आली. मुख्य म्हणजे कर्ता ताझुसाच राहते. तुमचं वाक्य असं करून पाहा: "ताझुसा शंभर दिवस एक भूत अंगात वागवते, आणि त्याच्याशी भांडत भांडत ऑलिंपिकची तयारी करते." हलकंफुलकं हवं असेल तर "पीटनं तिच्या अंगात शंभर दिवसांचं बिऱ्हाड थाटलं" हेही चालेल. मालिकेचा सूर विनोदी आहे, तो बिऱ्हाडात बरोबर उतरतो. 'आत्मा' मात्र टाळा. आत्म्याला शांती मिळते; भांडायला भूतच लागतं.

'गिनबान'चं उत्तर छोटं आहे. 'गिन' म्हणजे चांदी, 'बान' म्हणजे ताटासारखी सपाट वस्तू. दोन्ही मिळून स्केटिंगच्या बर्फाचं काव्यमय नाव. आपल्याकडे 'रुपेरी' हा चपखल शब्द होता, पण तो पडद्यानं पळवला, आणि 'रुपेरी' म्हटलं की सिनेमाच आठवतो. कॅलिडोस्कोपला शाळेत आपण शोभादर्शक म्हणत होतो, पण 'रुपेरी शोभादर्शक' वाचून कोणाच्याही डोळ्यांपुढे बर्फ उभा राहणार नाही. मूळ नाव तसंच ठेवा आणि पहिल्याच परिच्छेदात लिहा, "गिनबान म्हणजे चांदीचं ताट, जपानी माणूस स्केटिंगच्या बर्फाला असं म्हणतो." नुकत्याच घासलेल्या चांदीच्या ताटाची ती थंड लकाकी वाचकाला लगेच दिसेल.