जागा मे महिन्यात बघा, मग परत जुलैत

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो, मिस्टर दोन वर्षांनी रिटायर होतील. संगमेश्वर तालुक्यात एका एजंटने 22 गुंठे जागा दाखवली, दिवाळीनंतर बघायला गेलो तर सगळं हिरवंगार, खाली पऱ्या (ओढा) वाहतोय, मला तर तिथे घरच दिसायला लागलं. एजंट म्हणतो रोड टच आहे, एनए (बिगरशेती) होऊन जाईल, टोकन द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. सातबाऱ्यावर 14 नावं आहेत पण विकणारा म्हणतो सगळे आमचेच. पाटण तालुक्यात सासऱ्यांच्या नावावर थोडी शेती आहे, आमच्या दोघांच्या नावावर काही नाही. घ्यावी का, आणि घेतली तर लगेच बांधावं का?

उत्तर: ताई, टोकन देऊ नका. जागा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तुम्ही ती अजून पाहिलेलीच नाही. दिवाळीनंतर कोकणातली कुठलीही जागा सुंदरच दिसते. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा आणि तो पऱ्या वाहतोय का बघा, शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा की विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं, पाणी कुठून आणता. हे पुरुषांना विचारून उपयोग नाही, जी पाणी भरते तिलाच विचारायचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी कातळावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण उतार तीव्र आहे, जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, पडलेलं पाणी सरळ खाली खाडीला जातं. बोअर मारू म्हणतात सगळे, पण बोअरला पाणी लागेलच अशी खात्री कुणी देत नाही.

मग जुलैत जा, भर पावसात, आणि पाणी जागेवरून कसं वाहतं ते बघा. मागे डोंगर असेल तर जास्तच बघा. तळिये 2021 मध्ये दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी 2023 मध्ये गेली, दोन्ही जुलैत. वर कुणी जेसीबीने डोंगर कापून सपाटी केली असेल, झाडं तिरकी झाली असतील, जमिनीला भेगा असतील, तर दर कितीही कमी असू दे, सोडून द्या.

आता कागद. तुम्ही दोघं सातबाऱ्यावर शेतकरी नसाल तर कुळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही. सासऱ्यांची जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी तिचं वाटप तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 खाली करून मिस्टरांचं नाव चढवून घ्या, ते झालं की खरेदी त्यांच्या नावाने करता येईल. याला वेळ लागतो आणि एजंटला हा वेळ नको असतो, म्हणून तो म्हणेल दाखल्याचं मी बघतो. बनावट शेतकरी दाखल्यावर झालेली खरेदी पुढे रद्द होऊ शकते आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

"एनए होऊन जाईल" याला काही अर्थ नाही. एनए झालेली असेल तर आदेशाची प्रत हातात द्या म्हणावं, आणि नसेल तर ती शेतजमीनच समजून दर करा. शेतजमिनीवर शेतघर बांधता येतं पण त्याला किमान 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एक एकर जागा लागते, तुमचे 22 गुंठे त्यात बसत नाहीत. जागा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत आहे का हे मात्र तलाठ्याकडे जरूर विचारा, महसूल संहितेच्या कलम 42-ड मुळे तिथे मार्ग बराच सोपा होतो.

14 नावांबद्दल सांगते, कारण कोकणात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. त्यातले निम्मे मुंबईला असतील, काही वारले असतील आणि वारसनोंदच झालेली नसेल, बहिणींची नावं कधी लागलीच नसतील. नावापुढे "ए.कु.मॅ." असं लिहिलेलं दिसलं तर समजायचं की एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचंच नाव लागलंय, हक्क मात्र बाकीच्यांचाही आहे. सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र असल्याशिवाय पुढे जाऊ नका. इतर हक्काचा रकाना नीट वाचा: कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, खाजगी वनाचा शेरा, कुळ कायद्याच्या कलम 43 चा शेरा. भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्रीच होत नाही. फेरफार जुन्यापासून काढा, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च करून घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या. वकील तुमचा हवा, एजंटने आणलेला नको.

रोड टच म्हणजे गाडी आज जातेय एवढंच. तो रस्ता नकाशावर आहे का? नसेल तर कुणाच्या तरी कातळातून जातोय आणि त्याने उद्या गडगा (दगडी कुंपण) घातला तर तुम्ही तहसीलदारांकडे हेलपाटे घालणार. विकणाऱ्याकडून खरेदीआधी सरकारी मोजणी करून घ्या आणि ती लागून असलेल्या शेजाऱ्यांसमोर होऊ दे, गडगा जिथे आहे तिथेच हद्द असते असं नाही.

हे सगळं नीट निघालं तर जागा जरूर घ्या. पण लगेच बांधू नका असं माझं स्पष्ट मत आहे. जमीन घेणं आणि घर बांधणं हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि लोक ते एका दमात घेतात. जमीन चार वर्षं नुसती पडून राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, बंद घराचं पहिल्याच पावसात बिघडायला लागतं, भिंतींना बुरशी, दारांना वाळवी, कौलं सरकतात, शिवाय राखणदाराचा पगार चालूच. त्याच गावात किंवा शेजारच्या गावात एखादं घर भाड्याने घ्या आणि जून ते सप्टेंबर राहून बघा. लाईट दोन दिवस नाही, दुकान लांब, रात्री बीपी वाढला तर गाडी कोण काढणार, मिस्टरांना करमतंय का, तुम्हाला करमतंय का (हे बायकांना कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं). वर्षातले निदान चार-पाच महिने तिथे राहणार असाल तर बांधा, छोटं बांधा, दोन खोल्या, पडवी, आणि टाकी मोठी. मुलं सुट्टीत येतील म्हणून चार बेडरूम बांधू नका, मुलं चार दिवस येतात आणि बाकीचे दिवस झाडणं-पुसणं तुमच्याकडे.

प्रश्न: आम्ही ऑफिसमधले दहा मित्र मिळून भोरकडे एक एकर घेतोय, प्रत्येकी चार गुंठे. डेव्हलपर म्हणतो सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं येतील. चालेल ना?

उत्तर: नावं येतील हो, पण सामाईक येतील. तुमचे चार गुंठे नेमके कुठले हे कागदावर कुठेच नसेल. तुकडेबंदी कायद्यात 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ही किमान मर्यादा आहे. त्यानंतर गावठाणालगतच्या आणि रहिवासी झोनमधल्या जमिनींना सवलती दिल्यात, पण तुमची जमीन त्यात बसते का हे दुय्यम निबंधकांकडे विचारा, डेव्हलपरकडे नको. मंजूर लेआउट असेल आणि प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघत असेल तरच पैसे द्या. नाहीतर दहातल्या एकाने हप्ते थकवले किंवा वारला की बाकी नऊ जण अडकतात, आणि मैत्री जाते ती वेगळीच.

प्रश्न: खटाव तालुक्यात वडिलोपार्जित शेत आहे, तिघा भावांचं सामाईक. थोरले दादा म्हणतात तू कोपऱ्यात बांध, आमची काही हरकत नाही. बांधू का?

उत्तर: दादांचा शब्द खरा असेल, पण पुढे विचारणार आहेत ती त्यांची मुलं. आधी वाटपपत्र नोंदवा, बहिणी असतील तर त्यांना धरूनच, मोजणी करून दगड लावा आणि मग पाया खणा. बँकही सामाईक जमिनीवर एकट्याला सहज कर्ज देत नाही. दादा आत्ता राजी आहेत ना, मग याच उन्हाळ्यात करून टाका.