खेळ बदललेत हे खरंच, पण आधी पिंग बघा

तुमचा धागा वाचून हसू आलं, कारण यातलं निम्मं मी भोगलंय. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: कोथरूडला ३०० एमबीपीएसचं फायबर, बऱ्याच वर्षांनी ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्सकडे परत आलात, डंजनमध्ये (चार-पाच जणांनी मिळून उतरायची गुहा) कोणी 'हाय'सुद्धा म्हणत नाही, आणि बॉसच्या (तिथल्या बलाढ्य शत्रूच्या) माऱ्यातून वेळेत बाजूला झालात तरी मरता. 'खेळ बिघडले की माझं वय झालं?' वयाचं तुमचं तुम्ही बघा. बाकी दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. मी नेटवर्कमधला माणूस नाही, जाणकारांनी चुकलं तिथे टोकावं.

आधी न बोलण्याबद्दल. १९९९च्या एव्हरक्वेस्टमध्ये मेलात की सामान प्रेतापाशी राहायचं, कमावलेले अनुभवाचे गुणही कापले जायचे, आणि ते सामान आणायला उघड्यानं पळत जावं लागे. ओळखीपाळखी लागायच्याच. ते दिवस आमच्या नशिबी नव्हते, डायल-अपवर फोन अडवला की घरचे ओरडायचे. आम्ही आलो ते वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या काळात. बीएसएनएलचा रात्री २ ते सकाळी ८ फुकट असलेला प्लॅन आठवतोय ना? आपले रात्रीचे दोन म्हणजे उन्हाळ्यात युरोपातले साडेदहा, गिल्ड (कायम एकत्र खेळणारी टोळी) ऐन रंगात. शहरात उभं राहून 'टँक (पुढे राहून मार झेलणारा) हवाय' म्हणून ओरडायचं, मग सगळ्यांनी डंजनच्या दारापर्यंत जायचं. त्या वेळात गप्पा व्हायच्या. लूट पळवणारा माणूस सर्व्हरभर बदनाम व्हायचा.

डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये डंजन फाइंडर आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरचे पाच जण जमतात आणि थेट आत. सोय झालीच, नाही म्हणत नाही. नोकरी-संसार असलेल्याला दुसरं परवडतही नाही. पण जो माणूस पुन्हा भेटणारच नाही त्याच्याशी बोलायचं कशाला आणि नीट वागायचं तरी कशाला? माझ्या मते या खेळांतला सगळ्यात मोठा बदल हाच, ग्राफिक्स वगैरे सगळं त्याच्यानंतर. वर आता रोजची हजेरी, सीझन पास (ठरावीक मुदतीत खेळून बक्षिसं मिळवायची विकतची योजना) आणि खेळातलं दुकान. खेळ तुमची संध्याकाळ मागत नाही, रोज वीस मिनिटं मागतो, आणि ती जास्त महाग पडतात.

'मग क्लासिक (वॉरक्राफ्टची पुन्हा आणलेली जुनी आवृत्ती) खेळा' असं कोणीतरी सुचवेलच. खेळा, पण जुनं वातावरण मिळेल या आशेनं नको. मूळ खेळात रॅग्नारोस हा बॉस पहिल्यांदा पडायला काही महिने लागले होते. २०१९च्या क्लासिकमध्ये तो पहिल्याच आठवड्यात पडला. नकाशा तोच, पण माणसं सगळं पाठ करून आलेली.

आता मरण्याबद्दल. इथे माझी जखम आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पूर्वी लढाई म्हणजे शत्रू निवडून उभं राहायचं आणि दीड सेकंदानं एकेक वार. पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ३०० असलं तरी त्यात खपून जायचं. आता वार कुठे पडणार ते दाखवणारे रंगीत पट्टे जमिनीवर उमटतात आणि त्यातून बाहेर पडायचं असतं. गिल्ड वॉर्स २ नं २०१२ मध्ये उडी मारून चुकवायला वेगळं बटणच दिलं. फायनल फँटसी १४ मध्ये बॉसचा मंत्र संपला त्या क्षणी तुम्ही कुठे होतात ते सर्व्हर ठरवतो, आणि सर्व्हरला तुमची जागा उशिरा कळते. तुमच्या पडद्यावर तुम्ही पट्ट्याबाहेर, त्याच्या लेखी आत.

माझंही पिंग दिवसा ठीक, संध्याकाळी सातनंतर दुप्पट. ट्रेसराउट (डेटा कुठून कुठून जातो त्याची यादी) काढला तर डेटाचं पॅकेट फ्रँकफर्टच्या सर्व्हरला जाताना आधी अमेरिकेत! म्हणजे कोथरूडहून डेक्कनला हडपसरमार्गे. पुण्याहून फ्रँकफर्ट साधारण साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर सुटतच नाहीत. केबल वाकडीतिकडी असते म्हणून त्याहून जास्त धरा. पण माझं पिंग ३४०?

इंटरनेट कंपनीचं नाव घेत नाही. तक्रारीच्या फॉर्मवर पर्याय तीन: नेट बंद, नेट हळू, बिल. माझी तक्रार एकातही बसेना म्हणून 'नेट हळू' टाकली. घरी एक मुलगा आला, त्यानं स्पीड टेस्ट लावली, मग मोबाइलवर ४के व्हिडिओ लावून म्हणाला, "बघा काका, अडकतंय का?" नव्हतं अडकत. तिकीट बंद, शेरा 'ग्राहक समाधानी'. ऑफिसात ट्रेसराउटची प्रिंट घेऊन गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी ती उलटी धरून विचारलं, "यात बिल कुठलं?" त्यांचाही दोष नाही म्हणा, नेटवर्क टीमपर्यंत कागद पोचायची वाटच नव्हती. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले, परतावा नाही. तोवर गिल्डनं मला गोडीत राखीव खेळाडूंत बसवलं होतं. हल्ली लॉग (लढाईच्या नोंदी) असतात, कोण कशानं मेलं याचा रोज पंचनामा होतो आणि माझं नाव सगळ्यात वर असायचं. जुनी माणसं तुटली ती या पायी. पैशांचं नंतर विसरलो.

तेव्हा माझा सल्ला (पटला तर घ्या): वार्षिक प्लॅन घेऊ नका, आधी महिन्याचा घ्या. वायफाय सोडा, लॅनची वायर लावा. ट्रेसराउट दुपारी आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा काढा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पिंग कमी आलं तर तुमचा पीसी निर्दोष, दोष राउटरचा किंवा कंपनीच्या रस्त्याचा. पिंग कमी करणारे, पैसे देऊन घ्यायचे व्हीपीएन (तुमचा डेटा दुसऱ्या रस्त्यानं नेणारी सेवा) मिळतात. मला उपयोग झाला, पण फुकट चाचणीच्या मुदतीत बघूनच पैसे भरा. कधीकधी कंपनीचाही दोष नसतो. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता.

जाता जाता, राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. गुरुवारी वीज जाते हे पुणेकराला सांगायला नको.

ट्रेसराउटचं चित्र इथे टाकलंत तर बघतो. टाकण्याआधी तुमचा आयपी पत्ता तेवढा खोडा.